‘कोणी नाही’ हा पर्याय नाही

ही गोष्ट कोणाला पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगितली, तेव्हा त्याने वस्तरा हवेत थांबवून माझ्याकडे असं पाहिलं की उरलेली गोष्ट मी गिळून टाकली. काल संध्याकाळी आमच्या इमारतीच्या बाकावर सांगितली, तिथे काय झालं ते पुढे येईलच. तुम्हालाही पटणार नाही. पण माझं लग्न सरकारी दवाखान्याच्या कॉम्प्युटरने लावून दिलं, ही काळ्या दगडावरची रेघ आहे. मला विचारलं नाही, मुलीलाही विचारलं नाही. मुलगी तरी कसली, नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली.

सुरुवात झाली रेनकोटापासून.

आमच्या मजल्यावर दोन दारं आहेत. एक माझं, समोरचं भूमितीबाईंचं. शाळेत जन्मभर भूमिती शिकवली, म्हणून इमारतीत सगळे त्यांना भूमितीबाई म्हणतात. त्यांचे यजमान फार लवकर गेले. मी लग्नच केलं नाही. का केलं नाही, असं लोक विचारतात. आता समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की बाई, तुम्ही राहायला आलात आणि मग बाकीच्या मुली बघायचं राहूनच गेलं? तेव्हा आम्ही आपले ‘पाणी आलं का?’ आणि ‘गेलं का?’ एवढंच बोलत आलो. पाणी नियमित येत असतं तर तेवढंही बोललो नसतो.

तर, दोन दारांच्या मधल्या भिंतीवर एक खुंटी आहे. एका संध्याकाळी जिना चढून वर आलो, बघतो तो बाई भिंतीला टेकून उभ्या. अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, म्हटलं, आज बोलून टाकू. आणि बोललो. संध्याकाळी दिवा लावायचं मनावर येत नाही इथपासून सुरुवात केली. तुमच्या घरातून खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो तेव्हा बरं वाटतं, हेही बोललो. बाई एका शब्दाने मध्ये आल्या नाहीत. इतक्या शांतपणे माझं बोलणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मग मागून, जिन्याच्या खालच्या पायरीवरून, बाईंचा आवाज आला.

“अहो, कोणाशी बोलताय?”

मी खुंटीला हात लावून पाहिला. रेनकोट होता.

“पाठांतर करतोय,” मी म्हटलं.

“रेनकोटापुढे?”

“त्याच्यापुढे आवाज घुमत नाही.”

बाईंनी जवळ येऊन माझ्या डोळ्यांत पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, आणि म्हणाल्या काय, तर “मोतीबिंदू पिकलाय तुमचा. दोन्हीकडे. ऑपरेशन करून घ्या.” आपण मागे उभं राहून काय काय ऐकलं, याबद्दल अवाक्षर नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

आता ऑपरेशन म्हटल्यावर बाकावरचे सल्लागार जागे झाले. तळमजल्यावर आमचे वकील राहतात. ते कोर्टात उभे राहत नाहीत, कारण तिथे समोरचा वकील मध्येमध्ये बोलतो. त्यांच्या शेजारी कंपाउंडर. आयुष्यभर एका डॉक्टरच्या मागे उभं राहून हे आता सगळ्या डॉक्टरांच्या पुढे गेले आहेत.

“ऑपरेशन कशाला?” कंपाउंडर म्हणाले. “सकाळी उठून लांबच्या वस्तूकडे टक लावून पाहायचं.”

“लांबचं दिसत नाही, तीच तर तक्रार आहे.”

“मग जवळच्या पाहा. पण टक लागली पाहिजे.”

वकिलांचं म्हणणं, जायचंच तर सरकारी दवाखान्यात जा. “आपल्या करातून चाललाय. तो आपला हक्क आहे. आणि आता तिथे सुधारणा झाल्यात म्हणतात.”

सुधारणा झाल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं असं म्हणत नाही, कारण डोळ्यांना दिसत नव्हतं. पण कानांनी ऐकलं. पूर्वी त्या दवाखान्यात एक खिडकी होती, तिच्यात एक बाई बसायची आणि केसपेपर द्यायची. केसपेपर घेऊन माणूस हरवायचा. आता सगळं कागदाशिवाय चालणार होतं. दारातच एक यंत्र बसवलं होतं, ते एका गोड आवाजात नंबर पुकारायचं, आणि तो नंबर कोणता, हे सांगायला यंत्राशेजारी एक शिपाई बसवला होता, कारण गोड आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता. रांग तेवढी पूर्वीचीच राहिली होती. किंबहुना वाढली होती. दारातून निघून, औषधांच्या दुकानांवरून, बस थांब्याला वळसा घालून ती पुन्हा दवाखान्याच्या मागच्या दाराने आत शिरत होती. मी शेपटाला उभा राहिलो, तर समोरच्या माणसाचा शर्ट ओळखीचा वाटला. नीट पाहिलं तर माझाच. मी माझ्याच मागे उभा होतो. (इथे न्हाव्याने वस्तरा थांबवला होता.)

खिडकीशी पोचलो. आतला कारकून तरुण, आवाजाने सभ्य. नाव विचारलं, वय विचारलं, पुढे विचारलं, “सोबत कोण?”

“कोणी नाही.”

त्याने खाडखाड करून काहीतरी दाबलं. “आजोबा, ‘कोणी नाही’ हा पर्याय नाही.”

“म्हणजे?”

“नवीन पद्धत आहे. ऑपरेशनला नातेवाईक लागतो. इथे यादी येते. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. यातलं एक निवडल्याशिवाय कॉम्प्युटर पुढच्या पानावर जात नाही.”

“पूर्वी जात होता का?”

“पूर्वी कॉम्प्युटरच नव्हता.”

मी म्हटलं, “बाळा, मी एकटाच आहे. खरंच.” त्याने मान हलवली. त्याला वाईट वाटलं असावं, पण वाईट वाटण्याचं बटणही त्याच्या यादीत नव्हतं. मागच्या माणसाने मला कोपराने बाजूला केलं. बाहेर येऊन मी त्या बस थांब्यावर बसलो. एकटं असणं ही मी आजवर माझी खासगी बाब समजत होतो. ती एवढी मोठी तांत्रिक अडचण असेल, असं वाटलं नव्हतं.

पुढच्या खेपेला वकील भाऊ म्हणून आले. कारकुनाने विचारलं, “सख्खे?” यांनी ‘हो’ म्हणून मोकळं व्हावं ना. नाही. “नातेवाईक या शब्दाची आपण काय व्याख्या धरली आहे?” इथून त्यांनी सुरुवात केली आणि मागच्या रांगेचा गोंगाट त्यांच्या घटनात्मक मुद्द्यापेक्षा वरचढ होईपर्यंत थांबले नाहीत. शिपायाने आम्हा दोघांना दंडाला धरून, अत्यंत आदराने, पायऱ्यांपर्यंत आणून सोडलं.

त्यानंतर कंपाउंडर. हे मात्र शहाण्यासारखं ‘भाऊ’ म्हणाले आणि गप्प बसले. पण नव्या सुधारणांत अशी एक सुधारणा होती, की सोबत आलेल्याचाही रक्तदाब तपासायचा. यांचा तपासला. सिस्टरने यंत्र बदलून पुन्हा तपासला. मग दुसऱ्या सिस्टरला हाक मारली. कंपाउंडर आडवे, नाकाला नळी, आणि बाहेर पुकारा, “यांचे नातेवाईक कोण?”

“मी,” म्हणालो. दुसरं कोण होतं?

तर मोतीबिंदू माझा, आणि खाटेवर कंपाउंडर. ते बरे होईस्तोवर मी त्या वॉर्डात स्टुलावर बसून होतो. आणि खोटं कशाला सांगू, मला ते काम आवडलं. पुकारा झाला की सगळ्या वॉर्डात माना वळतात. कोणाचं माणूस? मग कोणीतरी उठतं, चप्पल शोधतं, “आलो, आलो” म्हणत जातं. त्या उठण्यात एक ऐट असते. चिठ्ठी घेऊन पळायचं, सलाईन संपत आलं की सिस्टरला सांगायचं, पाय चेपायचे. भिंतीवर पाटी होती, ‘नातेवाईकांनी गर्दी करू नये’. मी दिवसभर त्या पाटीखाली बसून गर्दी करायचो. समोरच्या खाटेवर एक म्हातारा होता. त्याचा पुकारा झाला की तो स्वतःच उशीवरून हात वर करायचा. तो हात पाहिल्यापासून माझं काही खरं राहिलं नाही.

हे मी जिन्यात, माहेराहून परतलेल्या कंपाउंडरांच्या बायकोला सांगत होतो. भूमितीबाई वरून कचऱ्याचा डबा घेऊन उतरत होत्या. थांबल्या.

“एवढंच ना? मी येते,” म्हणाल्या आणि डबा ठेवायला गेल्या.

एवढंच. मी तिथेच कठड्याला धरून उभा. कंपाउंडरांची बायको म्हणाली, “भावजी, चक्कर आली का?”

ठरलेल्या दिवशी मी शर्टाला इस्त्री केली. दिसत नव्हतं, त्यामुळे एकच बाही पुन्हा पुन्हा केली. बाई निघाल्या त्या थर्मास, शब्दकोडं आणि छत्री घेऊन. बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी मला रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवल्या. मी विचारलं नव्हतं. ‘येथे जुने टायर मिळतील’ हे वाक्य इतकं सुंदर आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

खिडकीपाशी पुन्हा तोच कारकून. “आज आणलंत का कोणी?”

“आणलंय.”

“नातं?”

आता आली का पंचाईत. रांगेत उभा होतो तोपर्यंत मनात ठरवलं होतं, ‘शेजारी’ म्हणायचं. पण यादीत शेजारी नाही. बहीण म्हणावं, तर जीभ रेटेना. असं कोणाला बहीण म्हणून मोकळं होता आलं असतं, तर मी कधीच झालो नसतो का? मी आ वासून उभा, मागे रांग कुरकुरतेय, आणि तेवढ्यात बाकावरून बाईंची खणखणीत हाक आली, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारी.

“अहो, टोपी राहिली तुमची इथे.”

आपल्या भाषेतला हा ‘अहो’ मोठा घातकी शब्द आहे. भाजीवाल्याला अहो, बँकेतल्या माणसाला अहो, बसमध्ये पायावर पाय देणाऱ्याला अहो, आणि नवऱ्यालाही अहोच. कोणी कुठला म्हटला, हे ज्याने त्याने ओळखायचं. कारकुनाने ओळखलं. “अस्सं होय,” म्हणाला आणि टक्‌ करून एक कळ दाबली. कॉम्प्युटर जो इतके दिवस अडून बसला होता, तो विनातक्रार पुढच्या पानावर गेला.

माझ्या मनगटावर त्यांनी एक पट्टी बांधली. मला वाचता येईना. डोळ्यांच्या वॉर्डात सिस्टरने ती धरून सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली, “डावा डोळा. सोबत, पत्नी.” मी बाईंकडे पाहिलं. म्हणजे जिकडे बाई असाव्यात तिकडे. त्या नळावर थर्मासचं झाकण धूत होत्या. नळ जोरात होता. ऐकलं असेल, नसेलही.

मग आम्हा सगळ्यांना ओळीने बसवलं, डोळ्यांत थेंब टाकले आणि मिटून बसा म्हणाले. ती डोळ्यांची डॉक्टरीण वयाने लहान होती. एका हाताने बिस्कीट खात, दुसऱ्या हाताने पुढच्याला आत बोलवत होती. सकाळपासून बसलेली नव्हती, हे तिच्या चपलांच्या आवाजावरून कळत होतं. “काका, हलायचं नाही, बोलायचं नाही,” म्हणाली. हलायचं नाही हे मी पाळलं. बोलायचं नाही हे मला जन्मभराच्या सवयीने जमतंच, योग्य वेळ असली तर हमखास.

डोळ्यावर पांढरा उजेड, कानाशी यंत्राची गुणगुण. आणि दाराबाहेर पुकारा झाला, माझं नाव घेऊन, “यांचे नातेवाईक कोण?”

मी उशीवरून हात वर करणार होतो. डॉक्टरीणबाईंनी तो दाबून धरला.

बाहेरून आवाज आला, “मी.”

बस, इतकंच. थेंब आणायला सांगितले असतील, सही हवी असेल, काहीतरी दवाखान्याचंच काम होतं. पण मी तुम्हाला सांगतो, तिथे झोपलो होतो ना, त्या टेबलाला चाकं असती तर मी तसाच गात घरी आलो असतो. डॉक्टरीण म्हणाली, “काका, डोळ्यातून पाणी का येतंय? दुखतंय का?” बोलायला बंदी होती, हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली. समोर बाई. मला धक्का बसला. माझ्या मनातल्या बाईंपेक्षा या कितीतरी म्हाताऱ्या. मग भिंतीवरच्या आरशात मी दिसलो आणि हा विषय मी कायमचा बंद केला.

आता खरी गंमत. कॉम्प्युटरला एकदा कळलं ते कळलं. पुढच्या महिन्यात एक आरोग्यसेविका दारात हजर. घरोघरी तपासणी, ही आणखी एक सुधारणा. माझं वजन केलं आणि म्हणाली, “आता काकूंना बोलवा.” मी समोरच्या दाराकडे बोट दाखवलं. ती माझ्याकडे, मग दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “भांडण झालंय का?” मी म्हटलं, “अजून तरी नाही.” तिने तेही टिपून घेतलं असावं, कारण पुढच्या वेळी ती आमच्यासाठी ‘उतारवयात जुळवून घेताना’ असं एक पत्रक घेऊन आली.

बाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्या दारी येऊ लागल्या, कारण कुटुंबाचा पत्ता एक. माझे थेंब त्यांच्याकडे जाऊ लागले, कारण माझं दार कधीकधी बंद असायचं. मग दर महिन्याला मी त्यांची कडी वाजवायची, “बाई, तुमच्या गोळ्या माझ्याकडे आल्यात.” त्या म्हणायच्या, “आणि तुमचे थेंब इथे.” ही देवाणघेवाण दारात सुरू झाली, मग चहावर आली, मग शब्दकोड्यातल्या आडव्या-उभ्या शब्दांवर. महिन्याचे मधले दिवस मला फार लांब वाटायला लागले. एखादी गोळी जास्त लागेल असा त्यांचा रक्तदाब वाढावा, असंही मनात यायचं. देव मला क्षमा करो.

एक दिवस बाईंनी गोळ्यांच्या पाकिटावरचा छापील मजकूर चष्मा लावून वाचला. मी पेल्यात तोंड घातलं.

“अहो, इथे चूक आहे.”

“कुठे?”

“इथे. तुम्हाला माहीत होतं?”

“मला तेव्हा दिसत नव्हतं.”

“आता दिसतंय ना? मग दुरुस्त करून घ्या. चुकीच्या गृहीतकावर पुढचं सगळं उभं राहतं.” भूमितीच्या बाई त्या. मी उठलो, टोपी घातली आणि दवाखान्यात गेलो.

आणि इथून सुरू होतो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा लढा. कारकून म्हणाला, पत्नी काढायची तर मृत्यूचा दाखला आणा. मी म्हटलं, त्या आत्ता भाजी निवडतायत. मग घटस्फोटाचा दाखला आणा. त्यासाठी वरच्या मजल्यावर गेलो, तिथले साहेब म्हणाले, घटस्फोटाला आधी लग्नाचा दाखला लागेल. म्हणजे बाईंना सोडण्यासाठी मला आधी त्यांच्याशी लग्न करावं लागणार. पुढच्या वेळी गेलो तर साहेब रजेवर. पुढच्या वेळी साहेब होते, कॉम्प्युटर बंद. त्यानंतर दोन्ही चालू होते, पण ज्या शिपायाकडे वरच्या खोलीची किल्ली, त्याचंच डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि त्याला नातेवाईक मिळत नव्हता. उन्हातान्हात मी खेटे घातले. दर वेळी संध्याकाळी बाईंच्या दारात येऊन सांगायचो, “आजही नाही झालं.” बाई “बरं” म्हणायच्या आणि चहा ठेवायच्या. सरकारी यंत्रणेपुढे एकटा माणूस काय करणार?

हे सगळं मी काल बाकावर सांगत होतो. वकील एका बाजूला, नळीतून सुटलेले कंपाउंडर दुसऱ्या बाजूला. बाकाच्या टोकाला भूमितीबाई शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या, म्हणून शेवटचा भाग मी जरा जास्तच रंगवून सांगितला.

“ही केस मी लढतो,” वकील म्हणाले. “फुकट.”

“खोटं आहे,” बाई म्हणाल्या.

वकील दुखावले. “फुकटच लढतो, बाई.”

“तुमचं नाही. यांचं.” बाईंनी पेन्सिल कानावर ठेवली. “दाखलाबिखला काही लागत नाही. खिडकीवर दोघांपैकी एकाने जाऊन सांगायचं, तो मुलगा लगेच बदलून देतो. आणि हे तिथे फिरकलेच नाहीत. टोपी घालून निघतात, पलीकडच्या बागेत बसतात आणि चहाच्या वेळेला परत येतात.”

मी टोपी काढून तिच्या आत पाहू लागलो.

“पण बाई,” कंपाउंडरांनी विचारलं, “तुम्हाला हे कोणी सांगितलं?”

“त्या मुलानेच. मी गेले होते खिडकीवर.”

“मग घेतलंत बदलून?”

बाईंनी कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कोड्यात डोकं घातलं.

“मी फक्त विचारायला गेले होते,” म्हणाल्या.